अभय नावाचे तिघे

राधाबाई पुन्हा खुर्चीतून उठल्या आणि शांताने पुन्हा त्यांचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं.

"बस गो जरा. आता सुरूच होतंय."

भोईवाड्यातल्या चाळीच्या पटांगणात स्टेज बांधलं होतं. मागे भला मोठा बॅनर, त्यावर तीन चेहरे आणि वर ठळक अक्षरं: 'एक चाळ, एक नाव, तीन रत्नं'. हृदयाचे डॉक्टर अभय खवणेकर, म्हणजे शांताचा मुलगा. कबड्डीचा कोच अभय कासारे. नाटकांचं नेपथ्य करणारा अभय मोंडकर. तिघंही याच चाळीत वर्षभराच्या अंतराने जन्मलेले. बातमीदारांना त्याचं फार कौतुक. एकाने मघाशी राधाबाईंनाच विचारलं होतं, "आजी, इथल्या नळाला काय येतं हो? सगळे अभयच?" त्यांनी तोंड फिरवलं होतं.

राधाबाईंचाही एक अभय होता. तो नऊ वर्षांचा असताना शेजारच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला. आत दोन लहान पोरं अडकली होती. मोठी माणसं पाण्यासाठी धावली, हा आत शिरला. दोघांना त्याने बाहेर ढकललं. त्याला बाहेर काढेपर्यंत उशीर झाला होता.

त्यानंतर राधाबाईंनी घरात ते नाव बंद केलं. "पुन्हा हे नाव माझ्या कानावर आलं तर मी जीव देईन," असं त्यांनी नवऱ्याला, बुधाजीला, बजावलं. बुधाजी मिलमधला माणूस, आधीच मितभाषी. त्याने मान हलवली आणि शब्द पाळला. पोराचा फोटोसुद्धा भिंतीवर लागला नाही.

थोड्याच महिन्यांत शांताकडे बारसं झालं. राधाबाई दार लावून आत बसल्या होत्या. भिंतीपलीकडे पाळणा म्हटला गेला, बायका हसल्या आणि मग ते नाव ऐकू आलं. पुढे कासाऱ्यांकडे तेच नाव, मोंडकरांकडे तेच. गॅलरीत कुणीही हाक मारली की राधाबाईंच्या हातातलं भांडं सुटायचं. माझं पोर गेलं आणि यांनी त्याचं नाव वाटून घेतलं, हे जे डोक्यात बसलं ते कायमचं. त्यांनी बिऱ्हाड हलवलं. अँटॉप हिलला दिराच्या आधाराने राहिल्या. बुधाजीने त्यालाही मान हलवली. पाच वर्षांपूर्वी तो गेला, तोही तसाच, काही न बोलता.

आज चाळीसहून जास्त वर्षांनी त्या इथे आल्या होत्या. तिघांचा सत्कार तुमच्याच हातून व्हायला हवा, म्हणत चाळ कमिटीचा गणपत घरी खेपा घालून घालून थकला, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते घशाशी आलं होतं. पायाची बोटं चपलेत एकसारखी हलत होती.

"शांता," त्या समोर बघतच म्हणाल्या, "तुला पोरासाठी दुसरं नाव मिळालं नाही का गं?"

शांता त्यांच्याकडे वळली.

"म्हणजे? बुधाजीदादांनी तुला सांगितलं नाय?"

"काय सांगायचं?"

"ते आले होते माझ्याकडे. मला सातवा चालू होता. आत नाय आले, दारातच उभे. म्हणाले, वहिनी, मुलगा झाला तर एक मागणं आहे. आमच्या घरात आता ते नाव घेता येत नाय. तुमच्या घरात घ्या. मी ऐकत जाईन."

राधाबाईंची बोटं थांबली.

"तुम्ही चाळ सोडून गेल्यावर पण यायचे ना ते," शांता म्हणाली. "रविवारी. जिन्याखाली बसायचे गुपचूप. मग आम्ही पोरांना हाका मारायचो. काम नसलं तरी मारायचो."

रविवारी बुधाजी पत्ते खेळायला जातो, एवढंच राधाबाईंना ठाऊक होतं. तो जिंकतो की हरतो, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"सत्कार करण्यासाठी मी राधाकाकींना स्टेजवर यायची विनंती करतो," माइकवरून गणपतचा आवाज आला.

येताना त्यांनी ठरवलं होतं, वर जायचं नाही. शांताला विचारायचं, तिचं उत्तर तिच्या तोंडावर फेकायचं आणि टॅक्सी करून निघायचं. आता त्या उठल्या. शांताने या वेळी पदर धरला नाही. एकेक पायरी चढून त्या वर गेल्या. गणपतने शाली त्यांच्या हातात दिल्या आणि माइकवर सुरुवात केली, "सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर..."

"तू थांब," राधाबाई म्हणाल्या. "मी हाक मारते."

एकदा ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"अभय."

पहिल्या रांगेतले तिघंही एकदम उभे राहिले. त्यांच्या मागे एक खुर्ची सरकली. बेस्टच्या खाकी कपड्यांतला एक कंडक्टर उठला. चहाच्या पातेल्याशी असलेल्या टकल्या माणसाने गाळणी खाली ठेवली. वरच्या गॅलरीतून खांद्यावर टॉवेल टाकलेला एक जण वाकला आणि "ओ" म्हणाला. नळापाशी कुणी हात वर केला. जिन्यावरून आणखी कुणीतरी उतरत होतं.

राधाबाई एकेकाकडे बघत गेल्या. तो कमी बोलणारा माणूस किती दारांत जाऊन उभा राहिला होता, ते त्यांना आत्ता दिसत होतं.

गणपतने शाली मात्र तीनच आणल्या होत्या.