खालचा अर्धा भाग

पुस्तक टेबलावर ठेवलं, तसं ते आपणहून उघडलं. पान दोनशे बारा. नेड्राने अजून बोटही लावलं नव्हतं.

"घे, त्यानेच तुझं पान काढून दिलं," व्हर्लीन म्हणाली. जिल्हा कचेरीच्या तळघरात लग्नाची जुनी पुस्तकं सांभाळता सांभाळता तिचे केस पिकले होते आणि जीभ तिखट झाली होती. "पेन पर्समध्ये टाक. इथे फक्त पेन्सिल. आणि थुंकी लावून पानं उलटायची नाहीत."

नेड्राने मुकाट्याने पेन आत टाकलं. साठी उलटली होती, तरी या खोलीत तिला शाळेत आल्यासारखं वाटत होतं.

पानाच्या वरच्या भागात शाईने लिहिलं होतं: ९ मार्च १९३१. हायरम नोबल, वय बावीस, खाणकामगार. झेल्फा कोम्स, वय एकोणीस. लग्नाचा परवाना दिला. झेल्फा म्हणजे तिची आजी. आजोबांचं नाव असं सरकारी अक्षरात तिने जन्मात पाहिलं नव्हतं, तिचे डोळे भरून आले. मग नजर खाली गेली. खालचा अर्धा भाग कोरा होता. तारीख नाही, साक्षीदार नाहीत, पाद्र्याची सही नाही.

"हे असं कसं?"

"परवाना म्हणजे लग्न नव्हे, बाई. परवाना इथून न्यायचा. पाद्र्याने लग्न लावायचं, कागदाचा खालचा भाग भरायचा आणि इथे आणून द्यायचा. मग ते पुस्तकात चढणार. आपल्या डोंगरातले पाद्री तुला ठाऊकच आहेत. खेचरावर बसून वाडीवाडी हिंडणार, आणि ओढ्याचं पाणी उतरलं की खिशातले सहा-सात कागद एकदम आणून टाकणार. याने नाही आणला."

"पण लग्न लागलं होतं! आजीच्या माहेरच्या ओसरीवर. दुसऱ्या दिवशी आजोबा खाणीत उतरले, ते जिवंत वर आलेच नाहीत."

"असेल. पुस्तकाला ऐकीव चालत नाही."

ऐकीव डेल्बर्ट नोबललाही चालत नव्हतं. टेकडीवरच्या नोबलांच्या दफनभूमीची किल्ली त्याच्याकडे. "तुझी आई नोबल असेल, तर कागद दाखव. तोंडच्या वाफा नकोत," असं तो रविवारी चर्चच्या दारात चारचौघांत म्हणाला होता. इकडे डॉक्टरांनी आईला जेमतेम पंधरा दिवस दिले होते. जन्माआधीच गेलेल्या बापाच्या शेजारी निजायला मिळावं, एवढंच आईचं मागणं होतं. उभा जन्म लोकांनी तिला 'झेल्फाची पोर' म्हटलं, बापाचं नाव कुणी लावू दिलं नाही. आज सकाळी तिनेच नेड्राला पिटाळलं होतं, "सतरावं पुस्तक माग," म्हणून. आईला पुस्तकाचा आकडा कसा ठाऊक, हे तेव्हा नेड्राच्या ध्यानात आलं नाही.

व्हर्लीन कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होती. नेड्राने हळूच पर्स उघडली. एक तारीख आणि एक नाव, दहा सेकंदांचं काम. पेनचं टोपण निघालं.

"ठेव ते," व्हर्लीन पाठमोरीच म्हणाली. "त्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्यांना हाच मोह होतो. नव्वद वर्षांची शाई आणि नव्वद सेकंदांची शाई, आंधळ्यालाही कळते."

नेड्राचे कान तापले. स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या पाद्र्याचा संताप आला. तोंड लपवायला ती पानावर वाकली, तेव्हा तिला समासातल्या रेघा दिसल्या. पेन्सिलीच्या बारीक, उभ्या, एकीखाली एक. वरच्या नाजूक होत्या. मधूनच हात बदलला होता आणि रेघा दाबून ओढल्या होत्या. शेवटच्या पाच-सहा थरथरलेल्या. पानाचा कोपरा बोटं लागून लागून काळा पडला होता.

"या कुणी काढल्या?"

"काय सांगू! एक म्हातारी यायची. हिवाळा सरून रस्ते उघडले, की हजर. निळी टोपी घालून. तिच्याआधी आणखी कुणीतरी यायची म्हणे. नक्कल कधी मागितली नाही. खालचा भाग बघायचा आणि चालू लागायचं. एकदा नाव विचारलं, तर म्हणते, माझं काम पानाशी आहे, तुझ्याशी नाही." व्हर्लीनने कपाट लावलं. "चार वर्षं झाली, फिरकली नाही. गेली असेल बिचारी."

नेड्राच्या आईची निळी टोपी घरी दाराच्या मागे खिळ्यावर होती. चार वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला, त्या दिवसापासून तिथेच.

तिने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. खोटंच सांगायचं, हे तिने पायऱ्या चढतानाच ठरवलं होतं. सापडलं आई, सगळं लिहिलेलं आहे, एवढंच. मरणाऱ्या माणसाला कोण कागद दाखवायला जातंय?

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"आणून दिला का गं पाद्र्याने?" आईने विचारलं.

खोटं तोंडातच राहिलं.

"नाही, आई. अजून नाही."

आई म्हणाली, "बरं. मग रेघ मारून ये. त्या व्हर्लीनची पाठ वळली, की मार. आणि माझ्या मधल्या चार राहिल्यात बघ, त्याही मार."