मैदानाचा रंग

सुनावणीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा मैदानवाले भिंतीला टेकून उभे राहिले. सकाळी पोहून तिथे अंग कोरडं करणारे, संध्याकाळी मुलांना मोकळं सोडणारे, नुसतेच समुद्राकडे बघत बसणारे. घोषणा कुणी देत नव्हतं. त्या देऊन झाल्या होत्या, मोर्चे काढून झाले होते, चार हजार हरकती दाखल झाल्या होत्या. आज फक्त एक नकाशा बघायचा होता. त्यावर ठरणार होतं, मैदान राहणार की तिथे हॉटेल आणि दुकानं उभी राहणार.

“बस गं पोरी,” सिस्टर म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाई विरोध समितीच्या अध्यक्ष होत्या. “तोंड बघ. पेशंटपेक्षा नातेवाईकच खचलेला.”

ती हसली नाही, पण बसली. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

बाबा नगररचना कार्यालयात आरेखक होते. पस्तीस वर्षांपूर्वीचा शहराचा आराखडा त्यांच्या हातचा. समुद्रालगतचा तो लांबट तुकडा त्यात हिरवा होता. हिरवा म्हणजे मोकळी जागा, निळा म्हणजे बाजार. त्या हिरव्याच्या जोरावर आजवर तीन कंपन्या हात हलवत परत गेल्या होत्या. निवृत्तीनंतर बाबा प्रत्येक सभेला जात, फलक स्वतः रंगवून देत. लोकांनी त्यांचा सत्कार ठेवला तेव्हा मात्र ते मान खाली घालून म्हणाले होते, “मी काही केलेलं नाही हो.”

“इतका विनय बरा नव्हे, बाबा,” घरी आल्यावर तिनं चिडवलं होतं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

हॉटेल बांधू पाहणाऱ्या कंपनीचे वकील आवाज न चढवता बोलत होते.

“मॅडम, आमचं म्हणणं एवढंच आहे. नगरपालिकेच्या सभेत ठराव झाला होता तो बाजाराचा. ठरावाची प्रत सापडत नाही, हे मान्य. पण कार्यालयाच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलंय, हा नकाशा दोन दिवस आरेखकाच्या घरी होता. तिथून तो हिरवा होऊन आला.”

“त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून बाबांनी काम घरी आणलं.”

“असेल ना. मी कुठे नाही म्हणतोय?”

“गेलेल्या माणसावर शिंतोडे उडवताय,” सिस्टर म्हणाल्या. “ते असते तर तुमची बोलती बंद झाली असती.”

“असते तर त्यांनाच विचारलं असतं, बाई.”

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी हात वर केला. “रंग त्याच काळातला आहे, असं तज्ज्ञांनी लिहून दिलंय. हात कुणाचा, ते त्यांना सांगता येत नाही.” त्या तिच्याकडे वळल्या. “तुम्हीही आरेखनच करता ना?”

“हो. कॉम्प्युटरवर. पण ब्रश धरायला बाबांनी शिकवलं.”

“मग बघून सांगा. वकीलसाहेब, तुमची हरकत?”

“काही नाही. वडिलांसारख्याच सरळ आहेत म्हणतात.”

कापडावर चिकटवलेला मूळ नकाशा टेबलावर पसरला होता. तिनं आजवर त्याच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्सच पाहिल्या होत्या. रस्ते, शाळा, घरं, सगळ्यांत बाबा दिसत होते. त्यांची पद्धत तिला पाठ होती. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात आधी पेन्सिलनं रंगाचं नाव लिहायचं, मुंगीएवढ्या अक्षरात. ब्रश बुडवण्याआधी ते खोडायचं. मग एका दमात वरून खाली रंग उतरवायचा. कुठे जोड म्हणून दिसायचा नाही.

ती मैदानावर वाकली. वरच्या कोपऱ्यात, रंगाखाली, पेन्सिल होती. खोडायची राहिलेली. दुसऱ्या कुणाला तो मळका ठिपका वाटला असता. तिला अक्षर ओळखू आलं.

निळा.

म्हणजे वकील खरं बोलत होते. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ न देणारे बाबा, त्यांनी नकाशा घरी नेऊन सबंध मैदानाचा रंग फिरवला होता. मागे भिंतीशी उभी असलेली माणसं त्यांच्याच भरवशावर आली होती.

“काही लिहिलेलं आहे का तिथे?” वकिलांनी विचारलं.

“डाग आहे,” ती म्हणाली. आयुष्यातलं पहिलं खोटं नव्हतं, पण बाबांच्या कामाबद्दलचं पहिलंच.

नजर वर उचलायचा धीर होईना, म्हणून ती हिरव्याकडेच बघत राहिली. तो वरून खाली उतरलेला नव्हता. गोल गोल फिरवला होता. मधे दोनदा थबकून तिथे दाट झाला होता, आणि एके ठिकाणी किनाऱ्याची रेघ ओलांडून खुशाल समुद्रात शिरला होता. खाली बाबांची सही होती, नेहमीसारखी सरळ, दुसऱ्या दिवशीच्या तारखेची.

तिनं टेबलाची कड धरली.

“सावकाश सांगा,” अधिकारी बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगाल ते नोंदीत जाईल. हा रंग तुमच्या वडिलांनीच भरलाय?”



“हो,” ती म्हणाली. “बाबांनीच.”

बाबा दूध तापवायला आत गेले होते, ती सहा वर्षांची होती, ब्रश ओला होता आणि वाटीत तेवढा एकच रंग उरला होता.