अहल्येला विचारून

दार उघडेना. अहल्येनं दोन्ही हातांनी हँडल ओढलं, शिवाप्पानं आतून खांद्यानं धक्का दिला, तेव्हा कुठे ते करकरत उघडलं.

‘स्वल्प तेल घातलं की झालं, अक्का,’ शिवाप्पा म्हणाला. गाडी त्याचीच. बंगळूरला बनशंकरीतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जुनी सुमो भिंतीला पाठ लावून उभी होती. मागच्या काचेला आतून निळे पडदे ओढलेले होते.

अहल्या आत चढून बसली आणि गाडी निरखू लागली. सीटचं रेक्झीन उसवून आतला काथ्या बाहेर आला होता. ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर झिजून लोखंड उघडं पडलं होतं. आत उदबत्ती, डिझेल आणि कुणाच्या तरी ओकारीचा मिळून एक वास होता.

सकाळी कॉफी पिताना सुधींद्र म्हणाला होता, ‘चल, गाडी बघून ये. तू हो म्हटलीस तरच घ्यायची.’ इतक्या वर्षांच्या संसारात या नवऱ्यानं तिला आज भाजी कुठली करतेस एवढंही कधी विचारलं नव्हतं. बाई हुरळली. कपाटातली बरी साडी काढून नेसली, आणि स्कूटरवर मागे बसून येताना काय काय विचारायचं ते मनात घोळवत राहिली.

विचारणं त्याला भागच होतं म्हणा. गाडी घ्यायची तर आनेकलची साइट, म्हणजे तिथला मोकळा प्लॉट, विकायला हवी, आणि साइट अहल्येची होती. लेकीला कधी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून वडिलांनी ती तिच्या नावावर करून दिली होती. तिथे दोन खोल्या बांधायच्या, दारात जाईचा वेल चढवायचा, हे मांडे ती कधीपासून मनातल्या मनात खात होती. आजवर ते कुणाला बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

‘किती पळालीय?’ तिनं विचारलं.

‘दोन लाखांच्या वर,’ शिवाप्पा म्हणाला. ‘खोटं कशाला सांगू, अक्का? लग्नाची वऱ्हाडं नेली, तिरुपती तर सारखंच. इंजिन एकदा खोललंय.’

‘डिझेलच्या गाडीला दोन लाख म्हणजे काहीच नाही,’ सुधींद्र मध्येच म्हणाला. फॅक्टरीनं स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारल्यापासून त्याला घर खायला उठत होतं, आणि तो घरच्यांना. ‘व्हाइटफील्डला कॉम्प्युटरवाले आलेत. त्यांना माणसं न्यायला-आणायला गाड्या पुरत नाहीत. मी स्वतः चालवीन. कुणाचा ताबेदार नाही.’

अहल्या खाली उतरली. गाडीच्या पोटाखाली तेलाचा काळा डाग पडला होता, त्यावर टाकलेली वाळू जुनी होऊन घट्ट बसली होती.

‘बोल,’ सुधींद्र म्हणाला. ‘घ्यायची का?’

तिला नाही म्हणायची सवय नव्हती, पण विचारलं होतं, आणि विचारल्यावर खरं सांगावं अशा मताची ती होती.

‘नको,’ ती म्हणाली. ‘या गाडीचं आयुष्य दुसऱ्यांनी वापरून झालंय. आपल्या वाट्याला नुसती दुरुस्ती येईल. तुम्हाला चालवायचीच असेल तर आधी भाड्यानं घेऊन बघा. माझी साइट देऊन ही नको.’

एवढं सलग ती नवऱ्यासमोर पहिल्यांदाच बोलली असेल. तो आता भडकणार म्हणून तिनं पदर घट्ट धरला. पण सुधींद्र भडकला नाही. तो चक्क हसला.

‘सरी, ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘शिवाप्पा, जरा पुढे घे गाडी. हिला मागची बाजू बघू दे.’

शिवाप्पा घुटमळला. मग मुकाट्यानं चढला, इंजिन दोनदा खोकून सुरू झालं आणि गाडी भिंतीपासून पुढे सरकली.

मागच्या काचेवर पिवळ्या रंगात, लाल कडा काढून, मोठ्या अक्षरांत नाव होतं. वर कानडीत, खाली मराठीत. अहल्या. दोन्ही बाजूंना एकेक पोपट.

लग्न झाल्यापासून सुधींद्र तिला ‘अगं’ म्हणत आला होता. चारचौघांत ‘आमची ही’. त्यांच्या घरात बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि नाव घ्यावंसं त्याला कधी वाटलंही नव्हतं. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून अहल्येला क्षणभर, लपवून काय उपयोग, आनंदच झाला.

‘बघ,’ सुधींद्र म्हणाला. ‘लोक बायकांना दागिने करतात. मी तुझ्या नावाची गाडी करतोय. आता काय नको म्हणतेस? उद्या आनेकलला जाऊ, साइट घेणाऱ्या माणसासमोर सही करून टाक.’

‘माणूस पण ठरला?’

‘मग? असलं काम आयत्या वेळी होतं का?’

शिवाप्पा इंजिन बंद करून उतरला होता. तो अक्काकडे न बघता हातातलं फडकं झटकत राहिला.

अहल्या गाडीजवळ गेली. रंग ओला असेल, निदान आज सकाळी तरी काढलेला असेल, असं तिला फार वाटत होतं. आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून तिनं बोट फिरवलं.

बोटाला रंग लागला नाही. धूळ लागली.