मॅडमचा शिक्का

देऊळघाट रोडवरच्या चारमजली इमारतीचा नकाशा इंजिनीअर पूनम मॅडमनं तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा बिल्डर उकंडरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, खाली काळी माती आहे. ती तपासल्याशिवाय माझा शिक्का मिळणार नाही."

"नगरपालिकेले निस्ता शिक्का पाह्यजे, अन् हे बाई माती उकरून राह्यली!" असं करवादत ते तडक दुसऱ्या इंजिनीअरकडे गेले. त्यानं चहा पिता पिता नकाशाचा कोपरा तेवढा उलगडला आणि शिक्का हाणला.

उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. "याले म्हनते इंजिनीअर! साहेब, पयला फ्लॅट तुमच्यासाठीच ठेवतो."

शाईचं पॅड मिटत तो म्हणाला, "नोका ठेवू, भाऊ. पूनम मॅडमचा शिक्का असता, तं घेतला असता."