कुंडीतला नारळ

विमानतळाच्या काउंटरवर हेरंबची बॅग अर्धा किलो जास्त भरली. काहीतरी काढणं भाग होतं. ट्रायपॉड काढला तर किलिमांजारोच्या माथ्यावरचे फोटो कसे यायचे? इकडेतिकडे बघत त्याने नारळ काढला आणि शेजारच्या कुंडीत झाडाआड हळूच ठेवून दिला.

सकाळी अंधशाळेच्या मुलांनी निरोप देताना हेरंबच्या गटातल्या प्रत्येकाच्या हाती असा एकेक नारळ दिला होता. त्यांच्याच वसतिगृहासाठी निधी जमवत ही मंडळी आफ्रिकेतला डोंगर चढायला निघाली होती. मुलांनी चाचपडत लावलेलं कुंकू पार शेंडीपर्यंत फासलं गेलं होतं. "आमच्या वतीने वर वाढवा," एवढंच त्यांचं मागणं होतं.

"अगं बाई, हा कुणाचा राहिला?" रांगेत मागे उभ्या असलेल्या दमयंतीताईंना तो दिसलाच.

जो तो आपली बॅग चाचपू लागला. "माझा तर बॅगेतून आत गेला," कुणी विचारायच्या आधीच हेरंब म्हणाला.

"असू दे. पोरांनी किती हौसेने दिलाय!" ताईंनी आपल्या बॅगेतला चकल्यांचा डबा बाहेर काढला, त्या जागी तो नारळ नीट बसवला आणि डबा सगळ्यांपुढे फिरवला. हेरंबच्या हातावर त्यांनी दोन चकल्या ठेवल्या.

"खा रे. हा जास्तीचा नारळ वर तूच वाढवायचा आहेस. तुझ्या हातात जोर आहे."

चकली छान खुसखुशीत होती. उरलेली मात्र हेरंबने तशीच मुठीत धरली आणि ताईंची बॅग उचलून काट्यावर ठेवली.