वाटून घेतलेली कळ

मुतखड्याच्या कळेने पाटणकर सर गडाबडा लोळत होते. नर्सने त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला आणि कळ चिमट्याएवढी उरली.

“बाकीची कुठे गेली?”

“गावाने वाटून घेतली, सर. पट्टा बांधणाऱ्या चार हजार जणांनी.”

सरांनी मान खाली घातली. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवूनही, ‘परक्याचं दुखणं मी का सोसू?’ म्हणत त्यांनी हा पट्टा नाकारला होता.

घरी सोडताना नर्स पट्टा काढू लागली, तर म्हणाले, “राहू दे गं.”

चौथ्या दिवशी दारात भाजी घेताना त्यांच्या मनगटात दोनदा चिमटा बसला. भाजीवालीनेही हात झटकला.

“थांबून थांबून येतेय, म्हणजे बाळंतीण असणार,” ती म्हणाली.

“सुखरूप सुटू दे,” सर म्हणाले आणि पुढच्या कळेसाठी त्यांनी बाही वर सरकवली.