पडलेल्यांचे बिल्ले

बरकतपुऱ्यातल्या श्रीरंग पटवर्धनांना निवडणुकीचे जुने बिल्ले जमवायचा नाद होता, आणि तेही फक्त पडलेल्या उमेदवारांचे. काचेच्या पेटीत ते ओळीनं टोचलेले होते. प्रत्येक बिल्ल्यावर कुणीतरी हात जोडून हसत होतं.

पाहुण्यांना पेटी दाखवताना पटवर्धन नाक मुरडायचे. "भिकारडे लेकाचे! आपण नाही बुवा कधी कुणापुढे हात जोडले."

रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या वस्तू विकणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना आणखी एक बिल्ला दिला. "ले जाओ साब, हारे सो आदमी का है. हातां जोड़ जोड़ को थक गया बिचारा."

घरी येऊन त्यांनी तो पेटीत टोचला. दुपारी चहा पिताना बघतात तर बिल्ल्यावरच्या माणसाचे हात खाली आलेले.

"छपाईसुद्धा भिकार," ते पुटपुटले.

मग त्यांनी शेजारचा बिल्ला पाहिला, मग त्याच्या शेजारचा. पेटीतल्या सगळ्यांनी हात सोडले होते. एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

पटवर्धन पेटी झाकायला गेले, पण त्यांचे तळवे एकमेकांपासून सुटेनात.

कप न्यायला आलेली त्यांची बायको सुजाता दारातच थबकली.

"अहो, हात कुणाला जोडताय? आणि असे हसताय काय?"